पडद्यावाचून ध्वनिसंपादन

आवाजाचं चित्र बघून आवाज कापायचा, ही रीत फार जुनी नाही. चुंबकीय फितीच्या काळात रेडिओ केंद्रावरचा संपादक दोन्ही स्पूल हातांनी सावकाश मागेपुढे फिरवायचा, हेडवरून सरकणारा घोगरा, ताणलेला आवाज ऐकायचा आणि नको असलेल्या शब्दाची कड शोधायचा. कड सापडली की फितीवर पेन्सिलीची खूण, मग खाच असलेल्या ठोकळ्यावर फीत बसवून ब्लेडने तिरका छेद. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर एखादं अक्षर तीन-चार सेंटिमीटर जागा घेतं. ते अंतर बोटांनाही कळतं. छेद तिरका असायचा, कारण त्यामुळे दोन तुकडे क्षणभर एकमेकांत मिसळतात आणि सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. खूण करायला डोळे लागत, पण कुठे कापायचं हा निवाडा कानाचाच होता.

संगणकाने हा निवाडा पडद्यावर नेला. डिजिडिझाइन कंपनीच्या साउंड डिझायनरने १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर ध्वनीची लाट दाखवली, १९९१ मध्ये त्याच कंपनीचं प्रो टूल्स आलं, आणि माउसने लाटेचा तुकडा निवडून डिलीट दाबायचं ही संपादनाची सर्वमान्य पद्धत होऊन बसली. लाट उंच तिथे आवाज मोठा, सपाट तिथे शांतता, एवढं चित्रावरून कळतं. वाचणारा कुठे अडखळला, वाक्याचा सूर मध्येच पडला का, श्वास अर्धा कापला गेला का, हे चित्र सांगत नाही. तरीही सगळी साधनं चित्राभोवती उभी राहिली, आणि ज्यांचा कान रोजच्या सरावाने तयार झालेला असतो असे दृष्टिहीन संपादक या कामाच्या दाराबाहेर राहिले.

गेल्या तीसेक वर्षांत ते दार बरंच उघडलं आहे. कीबोर्ड आणि पडद्यावरचं बोलून सांगणारा स्क्रीन रीडर एवढ्या दोन साधनांवर आज ऑडिओ बुकं, पॉडकास्ट, रेडिओचे कार्यक्रम आणि अनेक ट्रॅकची गाणीसुद्धा तयार होतात. या प्रवासाकडे पाहताना एक गैरसमज मात्र वारंवार समोर येतो. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भरपूर शॉर्टकट आहेत, म्हणजे ते दृष्टिहीनांना वापरता येतं, असं मानलं जातं. शॉर्टकटमुळे फक्त आज्ञा देता येते. आज्ञा दिल्यावर काय घडलं, कर्सर कुठे थांबला, कितवा ट्रॅक निवडला गेला, किती सेकंद उडाले, ही खबर परत मिळायला हवी. खरी अडचण पहिल्यापासून या उत्तराची आहे.

त्याचं कारण तांत्रिक आहे. स्क्रीन रीडर पडद्यावरचे ठिपके वाचत नाही. विंडोजमध्ये १९९७ पासून अशी व्यवस्था आहे की प्रत्येक बटण, यादी, चौकट आपलं नाव, प्रकार आणि स्थिती प्रणालीला सांगते, आणि स्क्रीन रीडर ते उचलून बोलतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी विंडोजची नेहमीची बटणं वापरली तर ही माहिती आपोआप मिळते. ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधला मुख्य भाग मात्र हाताने काढलेल्या चित्रासारखा असतो: लाटा, पट्ट्या, फिरत्या खुंट्या. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो एक रिकामा आयत. मेनू वाचला जातो, पण जिथे काम करायचं ती जागा मुकी राहते.

ऑडॅसिटीचं उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलकं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर २००० मध्ये लोकांसमोर आलं. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि आपल्याकडे आवाजाचं काम शिकणारा बहुतेक प्रत्येकजण इथूनच सुरुवात करतो. स्पेसबारने आवाज सुरू आणि बंद होतो. बंद केल्यावर कर्सर मूळ जागी परततो. ‘एक्स’ दाबून थांबवलं तर जिथे थांबलो तिथेच राहतो. या दोन कळांमधला फरक समजला नाही म्हणून कित्येक नवखे पहिल्याच आठवड्यात सोडून देतात. आवाज चालू असताना डावा आणि उजवा चौकटी कंस दाबला की निवडीची सुरुवात आणि शेवट ठरतो. तेव्हाच डाव्या-उजव्या बाणाने एक सेकंद, शिफ्ट धरून पंधरा सेकंद पुढेमागे जाता येतं.

ऐकत ऐकत कंस दाबला तर खूण किंचित उशिरा पडते, कारण ऐकून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा निघून जातो. तेवढ्यात एक अक्षर हुकतं. म्हणून खूण केल्यावर तिची कड तपासावी लागते. ऑडॅसिटीत शिफ्टसह एफ ५ ते एफ ८ या चार कळा त्यासाठीच आहेत: निवडीच्या सुरुवातीच्या जरा आधीचा तुकडा, जरा नंतरचा, शेवटाच्या आधीचा आणि नंतरचा. कड पुढे-मागे सरकवत या चार कळांनी पुन्हा पुन्हा ऐकायचं. त्याहून मोलाची कळ म्हणजे साधा ‘सी’. ती दाबल्यावर निवडलेला भाग वगळून आधीचे दोन सेकंद आणि नंतरचा एक सेकंद सलग वाजतो. कापल्यावर सांधा कसा ऐकू येईल ते कापण्याआधीच कळतं. लाटेकडे कितीही निरखून पाहिलं तरी हे कळणार नाही. डोळस संपादकांनीही ही सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

याच ऑडॅसिटीत चित्राची सत्ता कशी लपून राहते तेही पाहण्यासारखं आहे. आवाज थांबलेला असताना डावा-उजवा बाण कर्सरला एक पिक्सेल सरकवतो. एक पिक्सेल म्हणजे किती वेळ, हे झूमवर अवलंबून. नेहमीच्या झूमला सेकंदाचे साधारण ८६ पिक्सेल पडतात, म्हणजे एका दाबाला जवळजवळ १२ मिलिसेकंद. झूम एक पायरी वाढवला की तोच दाब सहावर येतो. झूम फार कमी असेल तर एका दाबात आख्खं वाक्य ओलांडलं जातं. डोळसाला हे समोर दिसत असतं. दृष्टिहीनाला मात्र बाण कधी मुंगीच्या पावलाने चालतो आणि कधी उडी का मारतो, हे कोडं वाटतं. जाणकार म्हणूनच आधी कंट्रोल-२ दाबून झूम मूळपदावर आणतात, मग हवा तेवढा वाढवतात आणि पायरीची लांबी लक्षात ठेवतात. झूम हे खरं तर पाहण्याचं साधन, पण इथे ते मोजपट्टीचं काम करतं.

कुठे कापायचं याचं ज्ञान भाषेतून येतं, आणि मराठी त्या बाबतीत उदार आहे. क, च, ट, त, प यांच्या उच्चारापूर्वी तोंडातली हवा क्षणभर पूर्ण अडते. त्या अडण्याची शांतता पन्नास-शंभर मिलिसेकंदांची असते आणि तिथे दिलेला छेद ऐकणाऱ्याला सापडत नाही. वाचकाने ‘पाटलांच्या वाड्यात’ म्हणताना अडखळून वाक्य पुन्हा घेतलं असेल, तर दोन्ही वेळच्या ‘पा’च्या आधीच्या शांततेत कापावं. ग, द, ब यांच्या आधी घशातला मंद गुंजारव असतो, तिथे थोडी काळजी घ्यावी. म, न, ल, य, र हे मात्र आधीच्या स्वरात विरघळलेले असतात. त्यांच्या मध्ये कापलं की सुराची उडी ऐकू येते. ख, ठ, फ यांच्या मागचा श्वास लांब असतो आणि नवखा संपादक तो हमखास कापतो, मग ‘खरं’चं ‘करं’ होतं. वाक्याआधीचा श्वासही सरसकट उडवू नये. श्वासांशिवाय दोन तासांचं कथावाचन ऐकताना ऐकणाऱ्याचाच दम कोंडतो.

ऑडिओ बुकाच्या कामात आणखी चांगला उपाय म्हणजे नंतर कापण्याची वेळच येऊ न देणं. ऑडॅसिटीत २.३ या आवृत्तीपासून एक सोय आहे: चूक झाली की थांबा, चुकीच्या आधी कर्सर न्या, शिफ्ट-डी दाबा. आधीचे पाच सेकंद कानात वाजतात आणि त्याच लयीत पुढचं रेकॉर्डिंग सुरू होतं. सांध्यावर दोन्ही आवाज सूक्ष्म अंतरात मिसळले जातात. एकट्याने वाचणाऱ्या आणि एकट्यानेच संपादन करणाऱ्या दृष्टिहीन वाचकासाठी याहून उपयोगी आज्ञा मला दुसरी दिसत नाही.

एकाहून अधिक ट्रॅक आले की ऑडॅसिटी अपुरं पडतं आणि रीपरचं नाव येतं. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी २००५-०६ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर आज जगभरच्या दृष्टिहीन संपादकांचं घर झालं आहे. ते तसं व्हावं म्हणून ते बनवलं गेलं नव्हतं. त्याचं मुख्य दालनही चित्रच आहे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक क्रिया यादीतून शोधता येते, तिला हवी ती कळ जोडता येते, आणि बाहेरच्या प्रोग्रामरला आतली सगळी स्थिती विचारता येते. या उघडेपणामुळे ओसारा शक्य झालं. २०१४ च्या सुमारास जेम्स टे यांनी सुरू केलेलं हे मोफत जोडसाधन रीपरच्या आत बसतं आणि जे घडतं ते स्क्रीन रीडरला कळवतं: ट्रॅकचं नाव, तो म्यूट आहे का, कर्सर कितव्या मिनिटावर, तुकडा कापला गेला की नाही.

जेम्स टे आणि मायकल करन यांची ओळख लहानपणी दृष्टिहीन मुलांच्या संगीत शिबिरात झाली. दोघेही दृष्टिहीन, दोघेही ऑस्ट्रेलियाचे. करन यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला, टे त्यांना येऊन मिळाले. त्याआधी विंडोजवर प्रामुख्याने जॉजचं राज्य होतं. टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण त्याची किंमत भारतातल्या सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात कधीच नव्हती. आज मोफत एनव्हीडीए, मोफत ओसारा आणि साठ डॉलरचा सवलतीचा रीपर परवाना एवढ्यावर पूर्ण स्टुडिओ उभा राहतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलीला हे काम व्यवसाय म्हणून करायचं असेल, तर मी निःशंकपणे हाच मार्ग सुचवीन: एका आवाजापुरतं ऑडॅसिटी, त्यापुढे रीपर.

आता त्या अडचणीकडे येतो जिच्याविषयी डोळस लोक क्वचितच विचार करतात. ज्या कानाने संपादन करायचं, त्याच कानात स्क्रीन रीडरही बोलत असतो. वाचकाच्या वाक्याचा शेवट नीट ऐकायचा आणि नेमकं तेव्हाच ‘दोन मिनिटं चौदा सेकंद’ असं यंत्र सांगतं. त्यातच भर म्हणजे एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज कमी करण्याची सोय चालू असेल, तर ज्याचा स्तर जोखायचा तोच आवाज खाली जातो. ही सोय एनव्हीडीए-शिफ्ट-डी ने आधी बंद करावी. एनव्हीडीए-एस दाबून बोलणं तात्पुरतं थांबवता येतं. २०२४ पासून विचारलं तरच बोलेल अशी स्थितीही आली आहे. त्याच वर्षी आलेली दुसरी सोय म्हणजे आवाजांची वाटणी: एनव्हीडीए-ऑल्ट-एस ने स्क्रीन रीडर एका कानात, बाकीचं दुसऱ्या कानात. कथावाचनाला ती चालते. स्टीरिओ संगीताला नाही, कारण तिथे दोन्ही कान संगीतालाच हवेत.

खरा तोडगा जुनाच आहे: दोन साउंड कार्डं. रेकॉर्डिंग चांगल्या इंटरफेसवर, स्क्रीन रीडर एका स्वस्त यूएसबी डोंगलवर. याला आणखी एक कारण आहे. रेकॉर्डिंगसाठीचे एएसआयओ ड्रायव्हर अनेकदा कार्ड पूर्ण ताब्यात घेतात आणि स्क्रीन रीडर अचानक गप्प होतो. डोळसाच्या बाबतीत हे म्हणजे पडदा काळा होणं. वेगळं डोंगल असलं की ही वेळ येत नाही, आणि यंत्राचा आवाज चुकून रेकॉर्डिंगमध्ये शिरण्याचा धोकाही टळतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामात नकोत. आवाज उशिरा पोहोचतो, खूण आणखी उशिरा पडते. ज्यांना ब्रेल डिस्प्ले परवडतो त्यांचा प्रश्न सगळ्यात सुंदर सुटतो: वेळ आणि ट्रॅकचं नाव बोटांखाली, कान पूर्ण मोकळे.

मिळालेली वाट पुन्हा बंद होते, हेही या क्षेत्रात घडलं आहे. सिंट्रिलियम कंपनीचं कूल एडिट हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर एकेकाळी दृष्टिहीनांच्या आवडीचं होतं. २००३ मध्ये ते अडोबीकडे गेलं, ऑडिशन झालं, पुढे नव्याने लिहिलं गेलं आणि स्क्रीन रीडरवाले हळूहळू त्यातून बाहेर पडले. मॅकवर १९८९ पासून आउटस्पोकन नावाचा स्क्रीन रीडर होता आणि त्यावर काही दृष्टिहीन ध्वनिमुद्रक प्रो टूल्स चालवत. ओएस टेन आल्यावर तो आधार गेला. अ‍ॅपलचा स्वतःचा व्हॉइसओव्हर २००५ मध्ये आला, तरी प्रो टूल्स त्याच्याशी बोलत नव्हतं. न्यूयॉर्कचे दृष्टिहीन निर्माते स्लाउ हॅलाटिन आणि इतरांनी कंपनीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ते पुन्हा हाती आलं. सोनार या सॉफ्टवेअरसाठी अमेरिकेतल्या डान्सिंग डॉट्स कंपनीने जॉजच्या स्क्रिप्ट्स विकल्या, साउंड फोर्जसाठीही अशा स्क्रिप्ट्स होत्या. मूळ सॉफ्टवेअर बदललं की या ठिगळांना पुन्हा शिवण घालावी लागे.

अजून न सुटलेल्या गोष्टींमध्ये प्लगइन सर्वांत वर आहेत. कॉम्प्रेसर, इक्वलायझर, रिव्हर्ब यांच्या खिडक्या बहुतेक कंपन्या शोभेच्या चित्रांसारख्या काढतात. रीपरमध्ये ओसारामुळे त्या खिडकीला वळसा घालून आतल्या घटकांची साधी यादी उघडता येते आणि आकडे टाइप करता येतात. अनेक प्लगइन त्यामुळे चालतात. पण एखाद्या घटकाला कंपनीने नावच दिलं नसेल, किंवा ‘प्रीसेट’ची यादी चित्रातच अडकली असेल, तर पुढे जाता येत नाही. आवाजाच्या वर्णपटावर ब्रशने खोकला किंवा खुर्चीची करकर पुसून काढण्याची जी कला आज डोळस संपादकांच्या हाती आहे, तिला कीबोर्डवर समतुल्य पर्याय अजून नाही. तिथे जवळचा शांततेचा तुकडा आणून लावणं किंवा वाक्य पुन्हा वाचून घेणं, हेच करावं लागतं.

मीटरच्या बाबतीत चित्र बरं आहे, कारण मोजमाप आकड्यांत सांगता येतं. ऑडिबलसाठी पुस्तकं घेणारं एसीएक्स सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या खाली आणि पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ६० च्या खाली मागतं. हे तिन्ही आकडे तपासून मजकुरात सांगणारं जोडसाधन ऑडॅसिटीसाठी आहे. स्क्रीन रीडर ते सरळ वाचतो. थरथरणारी काडी पाहून अंदाज करण्यापेक्षा ही पद्धत अधिक काटेकोर आहे.

मराठी वाचकांसाठी या सगळ्याला एक निकडीची बाजू आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं सुलभ रूप करायला परवानगीची अट उरली नाही. दृष्टिहीनांना सुलभ पुस्तकं मिळावीत यासाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ मध्ये पहिला देश ठरला. २०१६ मध्ये अशा पुस्तकांचं सुगम्य पुस्तकालय सुरू झालं. कायदा आहे, वाटपाची जागा आहे. आवाजात पुस्तकं तयार करणारे हात कमी पडतात, आणि त्यात दृष्टिहीन हातांना पहिला मान असायला हवा. डेझी कन्सॉर्शियमचं मोफत ओबी सॉफ्टवेअर याच कामासाठी, सुरुवातीपासून कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर डोळ्यांपुढे ठेवून बांधलं आहे. ते रेकॉर्डिंगमधल्या विरामांवरून वाक्यांश ओळखतं आणि बाण दाबला की एक वाक्यांश पुढे नेतं. पिक्सेलचा संबंध नाही. प्रकरण, उपप्रकरण, पान असे टप्पेही त्यात लावता येतात. अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंडचं स्टुडिओ रेकॉर्डर त्याच जातीचं. ही दोन्ही सॉफ्टवेअर दाखवून देतात की बांधणारा आधी ऐकणाऱ्याचा विचार करतो, तेव्हा ठिगळांची गरजच पडत नाही.

एक अडचण खास आपली आहे. लेबलांना, ट्रॅकना देवनागरीत नावं दिली आणि स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजावर असला, तर नाव गाळलं जातं किंवा अक्षरं चिवडली जातात. मराठी आवाजावर ठेवला तर मेनूतले इंग्रजी शब्द ओळखू येईनासे होतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे, पण तो उच्चार तासन्‌तास ऐकायला कष्टाचा आहे. तूर्त लेबलं रोमन लिपीत किंवा नुसत्या आकड्यांत ठेवणं हाच उपाय.

ऑडॅसिटीची चौथी आवृत्ती नव्या पायावर, सगळी खिडकी नव्याने रचून बांधायला घेतली आहे. कूल एडिटचं जे झालं ते अशाच टप्प्यावर झालं होतं. फरक इतका की इथे काम उघड्यावर चाललं आहे, चाचणीची रूपं लोकांना उतरवून घेता येतात आणि तक्रारी जाहीर नोंदवता येतात. कड तपासण्याच्या चार कळा, ‘सी’ची पूर्वचव, कोणता ट्रॅक निवडला आहे आणि कीबोर्ड कोणत्या ट्रॅकवर आहे यांची वेगवेगळी खबर, देवनागरी लेबलाचं वाचन, हे सगळं एनव्हीडीए लावून आताच तपासायला हवं. यातली शेवटची तपासणी मराठी वापरकर्त्यांनीच करायची आहे.